कवटी सापडली, पण कुणाची?

वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त पशुवैद्यक प्राध्यापिकेची उत्तरं

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे कवट्यांची पत्रं वाढतात. फड मोकळा होतो, महिनोन्‌महिने कुणाचा पाय पडला नव्हता अशी जमीन उघडी पडते आणि तिथे काही ना काही सापडतंच. डोंगरावर वणवा लागून गेल्यावर, विहिरीचा गाळ काढताना, पडक्या वाड्याची भिंत उतरवतानाही तसंच होतं. माझी उभी नोकरी शरीररचनाशास्त्र शिकवण्यात झाली. नव्या विद्यार्थ्यांच्या हातात मी आधी हाड द्यायचे, पुस्तक नंतर. त्यामुळे अशी पत्रं आली की मला मनापासून आनंद होतो. यातल्या पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली आहे, कारण तो प्रश्न थोड्याफार फरकाने सगळीकडून येतो.

प्रश्न : मी अकोले तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेला लागून असलेल्या फडात ऊसतोड चालू असताना मजुरांना एक कवटी सापडली. सुळे चांगले मोठे आहेत. आमच्याकडे बिबट्या येतोच, त्यामुळे ही बिबट्याचीच, असं सगळं गाव म्हणतं. एका माणसाने तर सुळे विकत मागितले. लांबी साडेअठरा सेंटीमीटर भरते. मापपट्टी ठेवून काढलेले फोटो सोबत पाठवतो आहे. कवटी कुणाची असावी? आणि ती शाळेत ठेवली तर चालेल का?

उत्तर : गुरुजी, ही कुत्र्याची कवटी आहे. गाव थोडं हिरमुसेल, पण कवटी उत्तम अवस्थेत आहे आणि मुलांना शिकवण्यासारखं तिच्यात भरपूर आहे. फोटोही चांगले काढलेत, वरून, बाजूने आणि खालून. खालून काढलेला फोटो बहुतेक जण पाठवतच नाहीत आणि खरं उत्तर नेमकं तिथेच असतं.

सुळ्यांचा विचार आधी बाजूला ठेवा. सुळे दिसले की माणूस दचकतो आणि बिबट्या म्हणून मोकळा होतो. पण सुळे कुत्र्याला असतात, मांजराला असतात, वानराला असतात. हरणासारख्या दिसणाऱ्या, शिंगं नसलेल्या इवल्याशा पिसोरीच्या नरालासुद्धा वरच्या जबड्यात अणकुचीदार सुळे असतात, आणि ती बिचारी पाला आणि फळं खाते. प्राणी ओळखायचा तो सुळ्याच्या मागे काय आहे त्यावरून.

कवटी उलटी धरा आणि वरच्या जबड्यात सुळ्यापासून मागे मागे या. आधी तीन लहान उपदाढा लागतील. चौथी एकदम मोठी आणि धारदार आहे. मांस कापायची दाढ ती हीच. आता तिच्या मागे पाहा. कुत्र्यात तिथे आणखी दोन दाढा असतात, रुंद, उंचवटे असलेल्या, चावायच्या. भाकरीचा तुकडा कुत्रा चावतो तो यांच्यावर. बिबट्यात त्या जागी एकच इवलासा दात असतो, आतल्या बाजूला वळलेला, मुद्दाम शोधला तरच दिसेल असा. बिबट्या मांस कापतो आणि गिळतो, त्याला चावायच्या दाढा लागतच नाहीत. तुमच्या फोटोत उजवीकडे दोन्ही रुंद दाढा जागेवर आहेत आणि डावीकडे त्यांच्या मुळांच्या खळग्या स्पष्ट दिसतात. इथे प्रश्न मिटला.

तरी मुलांकडून दात मोजून घ्या. कुत्र्याला वरच्या जबड्यात एका बाजूला पटाशीचे तीन, सुळा एक, उपदाढा चार आणि दाढा दोन, म्हणजे दहा दात. खालच्या जबड्यात दाढ एक जास्त, म्हणजे अकरा. एकूण 42. बिबट्याला वर एका बाजूला आठ आणि खाली सात, एकूण 30. घरच्या मांजरालाही तेवढेच. मोजताना एक काळजी घ्यायची. पटाशीचे दात एका मुळाचे असतात, हिरड्या सुकल्या की ते गळून पडतात, म्हणून दात नाही म्हणून सोडून द्यायचं नाही, खळगी मोजायची. उलट मागच्या दाढेला दोन किंवा तीन मुळं असतात, म्हणजे एकाच दाढेच्या दोन-तीन खळग्या दिसतात. प्रत्येक खळगीला एक दात धरला तर आकडा फुगतो.

लांबीवरून मात्र काही ठरवू नका. साडेअठरा सेंटीमीटर गावठी कुत्र्याची कवटी भरते आणि लहान चणीच्या बिबट्याच्या मादीचीही भरू शकते. त्यापेक्षा घडण पाहा. बिबट्याचा जबडा आखूड आणि कवटी गोलसर असते. तुमच्या कवटीचं नाकाड लांब आहे आणि बाजूने पाहिलं तर कपाळ आणि नाक यांच्यामध्ये पायरीसारखा उतार आहे. सुळ्यावरूनही बोट फिरवून पाहा. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या सुळ्यावर टोकाच्या दिशेने जाणारी उभी बारीक खाच असते, नखाला लागते. तुमच्याकडचा सुळा गुळगुळीत आहे.

आता कोल्हा का नाही, हा प्रश्न मुलं विचारतीलच, कारण कोल्हा, लांडगा, खोकड या सगळ्यांना 42 च दात असतात. कोल्ह्याची कवटी बरीच लहान, साधारण पंधरा-सोळा सेंटीमीटरची, सडपातळ असते. कपाळ नाकापर्यंत जवळजवळ सरळ उतरतं, ती पायरी दिसत नाही. शिवाय कोल्ह्याच्या वरच्या पहिल्या रुंद दाढेच्या बाहेरच्या कडेला एक ठळक कंगोरा असतो, कुत्र्यात तो पुसट असतो. लांडग्याची कवटी मोठी आणि दातही त्या मानाने दणकट. तरसाची कवटी एकदा पाहिली की विसरणं शक्य नाही. माथ्यावर उंच हाडाची धार, जबड्याचे स्नायू तिथे चिकटलेले असतात, आणि हाडं फोडायच्या जाडजूड शंकूसारख्या उपदाढा. तरसाला दात 34. आणि डोंगराकडच्या शाळेतल्या कुणाला रानकुत्र्याची, म्हणजे कोळसुंद्याची, कवटी सापडली तर खालच्या जबड्यात एका बाजूला अकराऐवजी दहाच दात भरतील. कुत्र्यासारखी दिसणारी पण 40 दातांची कवटी म्हणजे कोळसुंदा.

तुमच्या कवटीबद्दल आणखी एक गोष्ट सांगता येते. वरच्या जबड्यात पटाशीचा एकच दात शिल्लक राहिलाय. फोटो मोठा करून त्याची कड बघा, तीन पाकळ्या दिसतील. मधली मोठी, दोन बाजूला लहान. कुत्र्याचा दात नवीन असताना असा असतो, पुढे झिजून सपाट होतो. कायमचे सगळे दात आलेले आहेत आणि पाकळी अजून झिजलेली नाही, म्हणजे कुत्रा वयाने तरुण होता.

तो मेला कसा, हे मात्र कवटी सांगत नाही. हाडावर दाताचं भोक किंवा मोड नाही. पण ऊस, बिबट्या आणि कुत्रा यांचा संबंध तुमच्या तालुक्याइतका नीट फार कमी ठिकाणी अभ्यासला गेलाय. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. 2014 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात पाळीव आणि गावात राहणाऱ्या प्राण्यांचा वाटा 87 टक्के निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्या त्याहून कितीतरी कमी. तेव्हा फडात कुत्र्याची कवटी मिळाली म्हणून बिबट्या तिथे नव्हता असं मुलांना वाटू देऊ नका. उरलेला ऊस पडेपर्यंत त्यांनी फडात एकटं-दुकटं शिरू नये.

कवटी शाळेत ठेवायला हरकत नाही, कुत्रा वन्यजीव कायद्यात येत नाही. स्वच्छ करताना उकळू नका. उकळल्याने दात तडकतात आणि हाडातली चरबी आत मुरून हाड पिवळं पडतं. ब्लीचिंगही नको, ते हाड खातं. हातमोजे घालून कवटी बादलीत साध्या पाण्यात भिजत घाला, पाणी बदलत राहा, मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात ठेवा. शेवटी औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून सावलीत वाळवा. भिजताना दात सुटतील, ते गाळणीत धरा आणि वाळल्यावर फेविकॉलने आपापल्या खळगीत बसवा. कुठला दात कुठे बसतो हे शोधण्यात मुलांचा एक अख्खा तास छान जाईल.

सुळे मागणाऱ्या माणसाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. कवटी कुत्र्याची असली तरी तो बिबट्याचे सुळे समजूनच पैसे देऊ करत होता. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, त्याच्या अवयवांची खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा आहे. तुमच्या वनरक्षकाच्या कानावर हे घाला. वनखात्याचा 1926 हा टोल-फ्री क्रमांक महाराष्ट्रभर चालतो.

प्रश्न : आमची संगमेश्वर तालुक्यात काजूची बाग आहे. साफसफाई करताना लहान मुलाच्या डोक्याएवढी गोल कवटी मिळाली. खालचा जबडा नाही, पुढचे दात पडलेले आहेत, डोळ्यांच्या खाचा समोर आहेत. घरातली सगळी घाबरली आहेत. सासूबाई देवरुषाला बोलवू या म्हणतात. गडी माणसं बागेत यायला तयार नाहीत. कवटीला आम्ही हात लावलेला नाही, फोटो तेवढे काढलेत. ताई, कृपया लवकर कळवा.

उत्तर : तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी फोन केला होता, तरी इथे सविस्तर लिहिते, कारण असं घर घाबरवणारी कवटी दुसऱ्या कुणालाही सापडू शकते. ही वानराची कवटी आहे. पूर्ण वाढ झालेल्या वानराची, बहुधा मादीची. लहान मुलाची नाही, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. कशावरून ते सांगते, म्हणजे सासूबाईंनाही दाखवता येईल.

घोटाळा होतो तो डोळ्यांमुळे. वानराचे डोळे आपल्यासारखे समोर असतात आणि डोळ्याची खोबण मागूनही हाडाने बंद असते. कुत्र्या-मांजरात ती मागून उघडी असते, गाई-बकऱ्यात मागे नुसतं हाडाचं कडं असतं. म्हणून वानराची कवटी समोरून पाहिली की माणसाचा चेहरा आठवतो आणि आकार लहान, म्हणून मूल आठवतं.

आता वरच्या जबड्यातल्या खळग्या पाहा. तुमच्या फोटोत एका बाजूला आठ दात होते हे स्पष्ट आहे. पटाशीचे दोन, सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. तिसरी दाढ, म्हणजे जिला आपण अक्कलदाढ म्हणतो ती, पूर्ण आलेली आहे आणि थोडी झिजलेलीही आहे. माणसाला ती सतराव्या-अठराव्या वर्षानंतर येते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दुधाचे 20 दात असतात, वरच्या जबड्यात एका बाजूला फक्त पाच, आणि त्यात उपदाढा नसतातच. एवढ्या लहान कवटीत झिजलेली अक्कलदाढ असेल, तर ती माणसाची असणं शक्य नाही.

दाढेचा माथाही पाहा. वानराच्या दाढेवर चार टोकं असतात आणि ती दोन-दोन जोडून दोन आडव्या धारा तयार होतात, पाला कापायला. माणसाच्या दाढेवर असे आडवे बांध नसतात. आणि बाजूने पाहिलं तर तुमच्या कवटीचं तोंड पुढे आलंय, मेंदूची पेटी लहान आहे, भुवईच्या जागी हाडाचा कंगोरा आहे. लहान मुलाचं बरोबर उलटं असतं. दुसऱ्या वर्षापर्यंत मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीन-चतुर्थांशापर्यंत वाढलेला असतो, त्यामुळे डोकं मोठं आणि चेहरा त्याखाली चिमुकला दिसतो.

तुम्ही हात लावला नाहीत, हे फार योग्य केलंत. कवटी माणसाची असेल अशी खरोखर शंका आली तर उचलायची नाही, धुवायची नाही, भोवतालची माती हलवायची नाही. पोलीस पाटलांना बोलवायचं, पुढची दखल घेणं त्यांच्या कर्तव्यात येतं. पण तुमच्या बागेत ती वेळ नाही. वनरक्षकाला कळवा, ते पाहून जातील, आणि गड्यांना कवटीचा खालून काढलेला फोटो दाखवा. देवरुषाला बोलवायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, पण त्यासाठी कुणाकडून पैसे उकळले जाऊ नयेत एवढं पाहा.

प्रश्न : बाजारात एकजण केसाळ कातडीतलं ‘कोल्ह्याचं शिंग’ पाच हजारांना विकतो. जवळ ठेवलं की भरभराट होते म्हणतो. कोल्ह्याच्या कवटीवर खरंच शिंग असतं का?

उत्तर : नाही. मी हाताळलेल्या एकाही कोल्ह्याच्या कवटीवर शिंगाचा मागमूस नव्हता आणि तो असण्याचं कारणही नाही. शिंग यायचं तर कवटीच्या हाडातून त्याचा गाभा वर यावा लागतो, किंवा हरणासारखा बुंधा असावा लागतो. कोल्ह्याच्या कपाळावर दोन्ही नसतं. विकणारा जनावराची केसाळ कातडी कशाभोवती तरी शिवून देतो. ते नकली असेल तर तुमची फसवणूक होते आणि त्यात खरोखर कोल्ह्याचं कातडं असेल तर विकणाऱ्याबरोबर विकत घेणाराही गुन्ह्यात अडकतो. पैसे देऊ नका आणि वनखात्याला कळवा.

प्रश्न : मी सातवीत आहे. वाईला आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पांढऱ्या तोंडाचं घुबड राहतं. त्याच्या खाली राखाडी केसांचे गोळे पडतात. एक फोडला तर आत चिमुकल्या कवट्या निघाल्या! त्या कुणाच्या?

उत्तर : शाब्बास! हे गव्हाणी घुबड आहे. ते उंदीर अख्खा गिळतं, मांस पचवतं आणि केस-हाडं यांचा गोळा तोंडावाटे बाहेर टाकतं. म्हणून कवट्या इतक्या साबूत निघतात.

तुझ्या फोटोत दोन प्रकार आहेत. मोठ्या कवटीला पुढे नारिंगी रंगाचे लांब वाकडे दात आहेत, त्यांच्या मागे मोकळी जागा आणि मग दाढा. तो उंदीर. नारिंगी रंग दाताच्या लुकणात, म्हणजे वरच्या कठीण थरात, लोह असतं त्यामुळे येतो, आणि हे दात आयुष्यभर वाढत राहतात म्हणून उंदीर सारखं काहीतरी कुरतडतो. उंदराला सगळे मिळून 16 दात. दुसरी कवटी लांबट, निमुळती आहे, दात पांढरे आहेत आणि पुढून मागेपर्यंत एकालगत एक आहेत, मध्ये मोकळी जागा नाही. ती चिचुंद्री. लोक तिला उंदीरच समजतात, पण तिचा उंदराशी काही संबंध नाही, ती किडे खाणाऱ्या वेगळ्या कुळातली आहे. गालाची हाडाची कमान शोधून बघ. उंदराला सापडेल, चिचुंद्रीला सापडणार नाही.

पुढचा गोळा फोडताना तोंडावर रुमाल बांध, आधी तो कोमट पाण्यात भिजव, चिमट्याने सोडव आणि नंतर हात साबणाने धू. प्रत्येक गोळ्यात किती उंदीर, किती चिचुंद्र्या याची वहीत नोंद ठेव आणि वर्ष झालं की मला पाठव. आणि आजोबांना सांग, घुबडाला हाकलू नका म्हणावं. वाड्यातलं धान्य तेच राखतंय.

प्रश्न : आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. वडील तेंदूपत्ता तोडायला जातात. जंगलात चितळाचं गळून पडलेलं शिंग मिळालं, ते त्यांनी घरी आणून दाराच्या वर लावलं. शेजारी म्हणतात, गुन्हा आहे. पण मोराची पिसं तर सगळ्यांच्याच घरात असतात. मग शिंगालाच का बंदी?

उत्तर : शेजारी बरोबर सांगतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 प्रमाणे वन्यप्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता असतो आणि त्याचे अवयवही. असं काही हाती आलं तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्याने वेगळी सूट दिलेली आहे. शिंगाला ती नाही.

वडिलांचा राग मला समजतो. चितळ, सांबर दरवर्षी शिंगं गाळतात, पुन्हा नवी उगवतात, मग जमिनीवर पडलेलं उचललं तर कुणाचं काय बिघडलं? पण गळालेल्या शिंगांची खरेदी मोकळी ठेवली तर मारलेल्या चितळाचं शिंगही गळालेलं म्हणूनच विकलं जाईल. नीट पाहिलं तर दोन्हींत फरक दिसतो. गळालेल्या शिंगाच्या बुडाला खडबडीत कडं असतं आणि खालचा भाग किंचित फुगीर, ओबडधोबड असतो. मारलेल्या जनावराच्या शिंगाला खाली कवटीच्या हाडाचा बुंधा चिकटलेला असतो, त्यावर कुऱ्हाडीचा किंवा करवतीचा घाव असतो. पण घाव घासून काढता येतो, म्हणून कायदा तो वाद घालत बसत नाही. शिवाय जंगलातलं शिंग वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडतं, हरणंही चघळतात, त्यातला कॅल्शियम-फॉस्फरस परत जंगलातच फिरतो.

शिंग उतरवा, कागदात गुंडाळा आणि वडिलांना घेऊन स्वतःहून वनरक्षकाकडे जा. कुठे, कधी मिळालं ते सांगा आणि दिल्याची पोच मागून घ्या. 48 तास उलटून गेलेत म्हणून घाबरून ते नदीत किंवा विहिरीत टाकू नका. स्वतःहून जाणारा माणूस आणि झडतीत सापडलेला माणूस यांच्याकडे अधिकारी एकाच नजरेने पाहत नाहीत. गुरांचं शिंग दाराला लावायला मात्र कुणाची आडकाठी नाही. ते पोकळ असतं, आतल्या हाडाच्या गाभ्यावरून टोपणासारखं निघून येतं आणि त्याला कधीही फाटे फुटत नाहीत. चितळाचं भरीव आणि फाटे फुटलेलं.

प्रश्न : जत तालुक्यात आमचं कोरडवाहू रान आहे. रानात बैलाची जुनी कवटी पडलेली आहे. आमची गाय चरायला सोडली की सरळ तिथे जाते आणि ती कवटी चघळत उभी राहते. हाकललं तरी परत जाते. शेजारची म्हातारी माणसं म्हणतात, हे चांगलं लक्षण नाही.

उत्तर : म्हाताऱ्या माणसांचं ऐका, लक्षण चांगलं नाहीच. गायीला फॉस्फरस कमी पडतोय. कोरडवाहू भागात उन्हाळ्यात वाळलेलं गवत आणि कडबा एवढंच पोटात जातं, त्यात फॉस्फरस फार थोडा असतो. गाय दुधाची किंवा गाभण असेल तर तिची गरज आणखी वाढते आणि मग ती हाडं, चामडं, कापड, माती, मिळेल ते चघळायला लागते.

हाड चघळण्यात दोन धोके आहेत. एक तर तुकडा घशात किंवा अन्ननलिकेत अडकतो. दुसरा जास्त वाईट. मेलेल्या जनावराच्या अवशेषांत बोटुलिझमचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष पोटात गेलं तर गाय मागच्या पायांतून लुळी पडते, जीभ बाहेर लोंबते, गिळता येत नाही. त्यातून जनावर क्वचितच वाचतं. कवटी आजच उचला. हातमोजे घाला किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात गुंडाळा आणि कुत्रं उकरणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. पण उचलण्याआधी तो बैल कशाने मेला होता हे गावात विचारा. अचानक मेला, नाकातोंडातून काळं रक्त आलं, असं कुणी सांगितलं तर कवटीला हातच लावू नका, आधी पशुवैद्यकांना बोलवा. फाशी रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, बीजाणू मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात आणि तो रोग माणसालाही होतो.

गायीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून सुरू करा. पिशवीवर फॉस्फरसचं प्रमाण छापलेलं आहे ना, ते बघून घ्या, नुसती कॅल्शियमची पावडर उपयोगाची नाही. गव्हाणीत चाटण वीट टांगा, पण खनिज मिश्रण बंद करून तिच्यावर भागवू नका. थोडी पेंड किंवा गव्हाचा कोंडा मिळाला तर कोंड्यात फॉस्फरस चांगला असतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला सांगा आणि दोन आठवड्यांत चघळणं थांबलं नाही तर मला पुन्हा लिहा. लिहिताना गाय किती महिन्यांची गाभण आहे, दूध किती देते आणि चारा कोणता, हे जरूर कळवा.